तळमजल्यावर कोणीच राहत नाही

...आणि वर मलाच म्हणतात, "प्रमिलावहिनी, तुम्हाला काय करायचंय?" अहो, काय करायचंय म्हणजे? माझ्या मोरीतलं पाणी माझ्या डोळ्यांदेखत खाली जातं आणि खालच्या त्या बिचाऱ्याच्या संडासातून वर येतं, मग मला नाही करायचं तर कोणाला करायचंय? म्हणे मी नाक खुपसते! खुपसते. नाक आहे म्हणून खुपसते, आणि ज्याला ज्याला नाक आहे त्यानं त्या पावसाळ्यात आमच्या जिन्यातून एकदा वर येऊन दाखवायचं होतं, मग बोलायचं!

तर तुम्हाला सांगते, आमची ही भोपाळची कारखान्याची वसाहत. झाडं आहेत, रस्ते रुंद आहेत, कोणाला पाहुणे आले की आम्ही हातभर छाती फुगवून सांगतो, "आमच्याकडे शहरासारखी घाण नाही हो." पहिल्या मजल्यावर आम्ही, डोक्यावर मिश्राजी, आणि तळमजल्याचं क्वार्टर कोणाचं? तर सदाशिव टोकेकरांचं. ते कारखान्यात आमच्या ह्यांच्याच शॉपमधले. पण टोकेकर तिथं राहतात का? छे! त्यांनी केव्हाच शहराबाहेर मिसरोदला बंगला बांधला, गच्ची काढली, पेरूचं झाड लावलं, आणि क्वार्टर काही कारखान्याला परत केलं नाही. कोण करतं? दिलं भाड्यानं. कोणाला? नीळकंठ पांढरीपांड्यांना. नागपूरचा मुलगा, एम. पी. नगरमध्ये कोचिंगमध्ये गणित शिकवतो, आला तेव्हा नुकतंच लग्न झालेलं, बायको वसुधा, गोड पोरगी, जरा तिखट, पण गोड.

आता कारखान्याच्या माणसानं क्वार्टर बाहेरच्याला भाड्यानं देणं हा गुन्हा. पकडलं तर टोकेकरांचं क्वार्टर जाणार आणि नीळकंठरावांचं सामान रस्त्यावर येणार. म्हणून विचारलं कोणी, तर नीळकंठराव कोण? टोकेकरांचे मेहुणे. पाहुणे म्हणून आलेत. तीन वर्षांपूर्वी! चेकिंगवाले आले की पोरगा दारात उभा राहून म्हणायचा, "जीजाजी बाज़ार गए हैं." दर वेळी बाजार! शेवटी त्या चेकिंगवाल्यानंच एकदा विचारलं, "भैया, तुम्हारे जीजाजी सब्ज़ी ख़रीदते हैं कि उगाते हैं?" सगळ्या ब्लॉकला माहीत, चेकिंगवाल्याला माहीत, दूधवाल्याच्या म्हशीलासुद्धा माहीत असेल. पण बोलायचं कोणी नाही. कारण नीळकंठराव तिथं राहतच नव्हते!

बरं, राहत नव्हते तर नव्हते, कोणाचं काय बिघडलं होतं? पण त्या श्रावणात एका सकाळी वसुधा किंचाळली. मी पोळी तव्यावर टाकून पळाले खाली. बघते तर काय, संडासातून गुडगुड, गुडगुड, आणि काळं पाणी न्हाणीघराचा उंबरा ओलांडून स्वयंपाकघराकडे निघालेलं, अगदी ओळखीच्या पाहुण्यासारखं. आणि त्यात काय तरंगत होतं ते मी सांगत नाही, तुमचं जेवण झालं असेल. पण एवढं सांगते, मी आदल्या दिवशी मटारची उसळ केली होती, आणि... जाऊ दे.

वसुधा पलंगावर उभी, साडी गुडघ्यापर्यंत, मला म्हणते, "काकू, हे तुमचंच आहे का हो?"

आता काय सांगू मी? म्हटलं, "थोडं मिश्राजींचंही असेल."

आणि नीळकंठराव? ते उभे होते दारात, हातात झाडू, आणि बघत होते. गणिताचा माणूस तो. म्हणाले, "काकू, आयुष्यभर मुलांना शिकवतोय, एका नळानं हौद भरतो, दुसऱ्या नळानं रिकामा होतो, तर हौद किती वेळात भरेल. पण हौदात मास्तर उभा असेल तर काय करायचं, ते पुस्तकात दिलेलं नाही."

हसू आलं मला, खोटं कशाला बोलू. आणि लगेच वाईटही वाटलं.

मग काय, रोजचंच झालं. आणि गंमत ऐका, आमच्याकडे सगळं भोंग्यावर चालतं. कारखान्याचा भोंगा झाला की शिफ्ट सुटते, शिफ्ट सुटली की सगळे पुरुष एकदम घरी येतात, आले की एकदम आंघोळीला जातात, आणि सगळे एकदम गेले की नीळकंठरावांकडे भरती! समुद्राला चंद्र लागतो ना, त्यांच्या घराला भोंगा लागायचा. वाजला की वसुधा पिठाचा डबा फळीवर, गादी पलंगावर, पलंग विटांवर, आणि स्वतः पलंगावर. मी वरून गॅलरीतून लक्ष ठेवायची. कोणी घरात शिरलं की ओरडायची, "नीळकंठराव, सांभाळा, मिश्राजी आले!" नाहीतर, "वसुधा, चपला उचल, आमचे हे आत गेलेत!"

ह्यांना राग यायचा. आतूनच ओरडायचे, "अगं, माणसाला शांतपणे बसू देशील की नाही? गावभर काय दवंडी पिटतेस?"

म्हटलं, "बसा की शांतपणे! पण साखळी ओढण्याआधी सांगा!"

आता तुम्ही म्हणाल, तक्रार का नाही केली? अहो, वसाहतीचं तक्रारीचं ऑफिस आहे, खिडकी आहे, खिडकीत माणूस आहे. पण तक्रार करायची कोणी? ज्याच्या नावावर क्वार्टर त्यानं. म्हणजे टोकेकरांनी. नीळकंठराव कसे करणार? ते तर तिथं राहतच नव्हते!

टोकेकरांना बोलावलं. मिसरोदहून आले, स्कूटरवर. उतरले नाहीत! पाय खाली टेकला नाही! बुटांना चकाकी एवढी की त्यात बघून भांग पाडावा. स्कूटरवरूनच वाकून आत बघितलं, नाकाला रुमाल लावला आणि म्हणतात कसे, "पांढरीपांडे, तुमच्या वापरण्यातच काहीतरी चुकतंय. आम्ही राहत होतो तेव्हा असं कधी झालं नाही."

वसुधाचा पारा चढला. म्हणाली, "आम्ही कसं वापरायला पाहिजे ते जरा आत येऊन दाखवता का?"

"वहिनी, चिडू नका," टोकेकर म्हणाले, "मी तक्रार करीन हो. पण तक्रार केली म्हणजे माणसं येणार, आली म्हणजे बघणार, बघितलं म्हणजे विचारणार. मग माझं क्वार्टर जाईल, तुमचं घर जाईल. त्यापेक्षा... पाऊस थांबला की ओसरेल." आणि गेले! किक मारली आणि गेले, पेरूच्या झाडाखाली बसायला!

त्याच दिवशी वसुधानं बॅग भरली. नीळकंठराव म्हणाले, "अगं, असं काय करतेस?" ती म्हणाली, "मी लग्न केलं तेव्हा मला सांगितलं होतं, भोपाळ तलावांचं शहर आहे. घरातच तलाव असेल असं नव्हतं सांगितलं. माझं माहेर तिसऱ्या मजल्यावर आहे. घर कोरडं झालं की पत्र टाका, मी येईन." स्टेशनवर सोडून आला बिचारा, विटांवरच्या पलंगावर बसला, आणि पाय खाली सोडायला जागा नाही म्हणून मांडी घालून बसला. मी ताट घेऊन गेले तर दारात चार विटा टाकलेल्या, एकेका विटेवर पाय देत गेले, त्या वयात, हातात वरणाची वाटी! म्हणाला, "काकू, ती नाही यायची परत." डोळ्यांत पाणी. म्हणजे सगळीकडूनच पाणी!

मग मला राहवेना. मी गेले त्या खिडकीवर. म्हटलं, मी तर राहते ना? माझं नाव आहे ना? तिथल्या जेई साहेबांना, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअरना, म्हटलं, "साहब, हमारा पानी नीचे रुक रहा है."

ते म्हणाले, "बहनजी, आपके यहाँ रुक रहा है?"

"नहीं, हमारे यहाँ से तो जा रहा है."

"तो फिर आपको क्या तकलीफ़ है? जिसको तकलीफ़ है, वो आके बोले."

बघा! तोच प्रश्न! म्हणजे इथून तिथून सगळ्यांना एकच पडलेलं, प्रमिलाला काय करायचंय! आणि मी काय बोलले देव जाणे, तोंडातून निघून गेलं, "वो नहीं बोल सकते. टोकेकरजी के साले हैं, उनका सावन का मौनव्रत है."

झालं! जेई साहेब दुसऱ्या दिवशी आलेच पाहायला. मी आधी धावत जाऊन नीळकंठरावांना सांगितलं, "एक अक्षर बोलायचं नाही. तुमचं मौन आहे." तो म्हणाला, "काकू, मी दिवसाला सहा तास बोलून पोट भरतो." म्हटलं, "मग आज उपास करा!"

आले साहेब. नीळकंठराव हात जोडून उभे, कपाळाला मी गंधही लावून दिलं होतं. साहेबांनी विचारलं, "ये सब आता कहाँ से है?" तर नीळकंठरावांनी वर बोट दाखवलं. साहेबांना वाटलं, देवाची इच्छा म्हणतात. पण ते आमचं घर दाखवत होते हो! साहेब गंभीर झाले, नमस्कार केला, आत शिरले, मागून नीळकंठराव, आणि नेमका त्याच वेळी भोंगा झाला! मिश्राजी घरीच होते, सुट्टीवर, पण सवय! भोंगा झाला की माणूस आत! वरून आला लोंढा, शेवटची वीट हलली, आणि नीळकंठरावांचं मौन सुटलं: "अरे देवा, मेलो! समोरच्या भिंतीला धरा, जमिनीशी काटकोन करून उभे राहा!"

साहेब वळले. बघत राहिले. "ये आवाज़... अरे! पांडे सर? कोचिंगवाले? मेरी बिटिया आपके बैच में है, सर! वो ट्रिगोनोमेट्री वाली!"

झालं, म्हटलं, गेलं घर! नीळकंठराव तर पांढरे फटक. साहेबांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा विटांवरच्या पलंगाकडे, एकदा भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोकडे. मग हळूच म्हणाले, "सर, मैंने किसी को नहीं देखा. आप यहाँ रहते ही नहीं." आणि दारात थांबून, "बिटिया के साइन-कॉस ज़रा... शाम को भेज दूँ?"

म्हणजे माणूस पावला! आणि खरंच दुसऱ्या दिवशी सफाईचे लोक आले, लांबलचक बांबूच्या कामट्या घेऊन. एक झाकण निंबाच्या झाडाखाली उघडलं, कोरडं. दुसरं सायकल स्टँडपाशी उघडलं, तुडुंब. म्हणजे चोकअप मधल्या चेंबरमध्ये. आणि मधलं चेंबर कुठे? सरळ रेषेत चालत गेले, आम्ही सगळे मागोमाग, आणि येऊन थांबले कुठे? तर आमच्या गणपतीच्या ओट्यापुढे!

आता हा ओटा म्हणजे आमच्या मराठी मंडळींचा मानबिंदू. दर वर्षी लाकडी फळ्या मांडायच्या, पाऊस पडला की त्या कुजायच्या, म्हणून वसंतरावांनी, आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी, वर्गणी काढून पक्का सिमेंटचा बांधला. लाद्या बसवल्या. वर मंडळाचं नाव कोरलं. आणि जागा तीच का निवडली माहितेय? वसंतराव स्वतः भाषणात अभिमानानं सांगायचे, "पाया खणावाच लागला नाही! तिथं आधीच कोणीतरी गोल, सपाट, मजबूत काँक्रीट करून ठेवलेलं होतं! देवानंच जागा दाखवली!"

देवानं कसली दाखवली! चेंबरचं झाकण होतं ते!

सफाईवाल्यांनी कानाला हात लावले. "भगवान का चबूतरा है, हम सब्बल नहीं मारेंगे." जेई साहेब म्हणाले, "मंडल लिखके दे दे, तो हम तोड़ देंगे." मग मंडळाची मीटिंग. मी गेले, बायकांच्या रांगेत बसले, नीळकंठराव मागे खांबाला टेकून. वसंतराव उठले. म्हणाले, "ओटा तोडायचा म्हणजे समाजाच्या भावनेचा प्रश्न आहे. आधी मला सांगा, त्रास नेमका कोणत्या सभासदाला आहे? नाव सांगा."

मी म्हटलं, "तळमजल्याला आहे."

"तळमजला म्हणजे टोकेकर. टोकेकर कुठायत?"

"बाजारात गेलेत," मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले! नीळकंठरावही हसले हो, काय करतील? मग पुढे आले, तोंड उघडलं, काही बोलणार, तर वसंतराव अगदी प्रेमानं म्हणाले, "पाहुण्यांनी बसून घ्या." बसले. माझ्याकडे बघितलं त्यांनी, आणि ते बघणं, तुम्हाला सांगते, मला अजून आठवतं. सगळा हॉल त्यांना ओळखतो, निम्म्यांची पोरं त्यांच्याकडे शिकतात, आणि एकाच्या तोंडून निघेना की हा माणूस घाणीत राहतोय. कसं निघणार? तो तर तिथं राहतच नव्हता!

ठरलं काय? गणपती झाल्यावर बघू.

गणपती आले. ओट्यावर मखर, पताका, रोषणाई. आणि खाली नीळकंठराव बादल्या उपसतायत, वर लाउडस्पीकरवर आरती, "सुखकर्ता दुःखहर्ता," आणि हे बादलीच्या तालावर. महाप्रसादाच्या दिवशी कारखान्याचे मोठे साहेब सपत्नीक आले. शंभर पानं उठणार, शंभर माणसं हात धुणार, शिवाय भोंगा! मी ह्यांच्या कानात म्हटलं, "आज काहीतरी होणार." ह्यांनी मला कोपर मारलं. आणि ऐन आरतीत, मोठ्या साहेबांच्या बाईसाहेब निरांजन ओवाळतायत आणि ओट्याच्या लादीतून... बुडबुडा! एक, मग दुसरा, मग अशी धार लागली काळी, ती थेट बाईसाहेबांच्या पैठणीच्या काठाला! आमचे हे पुढे झाले, मूर्ती चौरंगासकट उचलली वर, वसंतराव ताम्हन झाकतायत, बाईसाहेब ओरडतायत, "ये क्या है? ये क्या है?" आणि मागून नीळकंठराव, आयुष्यात पहिल्यांदा इतक्या शांतपणे, म्हणाले, "काही नाही मॅडम, थोडं मिश्राजींचंही असेल."

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ओटा फुटला! ना अर्ज, ना भावना, ना सभासद! सकाळी पहार पडली आणि दुपारी पाणी गेलं. श्रावणभर एका घरात आलं ते कोणाला दिसलं नाही, आणि काठाला लागलं तर अख्खी वसाहत धावली!

मग मात्र नीळकंठरावांनी घर असं धुतलं म्हणता! फिनेल झालं, चुना झाला, विटा काढल्या, पलंग जमिनीवर आला. पायानं फरशी चाचपून बघायचा तो, "काकू, कोरडी आहे!" वसुधाला पत्र गेलं, ती आली, दारात रांगोळी काढली, उंबऱ्यावर हळदकुंकू. मी खीर केली. जेवायला बसले दोघं, जमिनीवर! पाट मांडून! मला दारातून बघूनच भरून आलं, म्हटलं, चला, सुटलं पोरगं.

आणि स्कूटर वाजली.

टोकेकर! पण आज उतरले. आत आले. बूट काढून फरशीवरून चालले, भिंतीवरून हात फिरवला, संडासाची साखळी स्वतः ओढून बघितली. आणि म्हणाले, "वा, पांढरीपांडे, घर फार छान ठेवलंत हो! आता काय झालंय, मिसरोदला कॉलनीवाल्या बिल्डरनं गटारांचं काम अर्धवट सोडलंय. सगळ्या कॉलनीचं पाणी आमच्या बंगल्यात शिरतंय. बायको म्हणते, आपलं हक्काचं क्वार्टर असताना आपण इथं का कुजायचं? तेव्हा आम्ही आता परत येतोय."

वसुधानं घास परत ताटात ठेवला.

"पण तुम्हाला मी रस्त्यावर नाही सोडणार!" टोकेकर म्हणाले. "आता तुम्हाला अनुभवही आहे. तुम्ही आमचा बंगला घ्या की भाड्यानं!"

मी दारातूनच ओरडले, "हो म्हणू नका, नीळकंठराव!" पण कोचिंगच्या ऐन हंगामात दुसरं घर शोधणार कुठे? गेले. टेम्पोत सामान चढलं, आणि सगळ्यात वर काय ठेवलं होतं वसुधानं? विटा.

मी राहते होय? गेलेच मिसरोदला बघायला, डबा घेऊन. गेटपासून पाणी. वसुधा गच्चीवर स्टोव्ह मांडून बसलेली, तोंड फुगवून. नीळकंठराव पँट दुमडून पेरूच्या झाडाखाली उभे. मी म्हटलं, "पण नीळकंठराव, इथं तरी तुम्ही राजरोस राहताय ना? चोरी नाही, चेकिंग नाही! जा त्या कॉलनीवाल्याच्या ऑफिसात, ठणकावून सांगा स्वतःचं नाव!"

"गेलो होतो, काकू," ते म्हणाले. "ठणकावून सांगितलंही. तो म्हणाला, किराएदार की शिकायत नहीं लेते, मकान मालिक को लाओ."

"मग आणा टोकेकरांना!"

"बंगला टोकेकरांच्या नावावर कुठाय? स्वतःचं घर असेल त्याला कारखाना क्वार्टर देत नाही. म्हणून त्यांनी सासूबाईंच्या नावावर बांधलाय. सासूबाई अमरावतीला असतात, गुडघे दुखतात, त्यांना प्रवास झेपत नाही."

मी कपाळाला हात लावला. "मग? तक्रार घेतलीच नाही?"

"घेतली की. त्यानं विचारलं, आप मालकिन के कौन? सांगितलं मी, आणि घेतली." एका हातानं डास मारला, पाण्यातून एक पाय उचलला, झटकला आणि परत पाण्यातच ठेवला. "पाणी आहे तेवढंच आहे, काकू. पण बढती झाली म्हणायची. तिथं मेहुणा होतो, इथं जावई आहे."